टपालाचा टप्पा आणि रुग्णाची वाट

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून छत्रपती संभाजीनगरमधल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचे अंतर मोबाइलला विचारले, की तो दोन आकडे सांगतो. एक किलोमीटरचा, दुसरा मिनिटांचा. किलोमीटरचा आकडा दिवसभर तोच राहतो. मिनिटांचा मात्र बदलतो. पहाटे जालना रस्ता मोकळा असतो. संध्याकाळी पाळी सुटली, कंपन्यांच्या बस, दुचाकी आणि मालट्रक एकाच वेळी रस्त्यावर आले, की तेच अंतर लांबते. छातीत कळ आलेल्या कामगारासाठी यातला कोणता आकडा महत्त्वाचा, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

तरीही ‘दवाखाना किती लांब आहे?’ या प्रश्नाचे उत्तर आपण बहुतेक वेळा किलोमीटरमध्येच देतो. अंतर म्हणजे लांबी, ही समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे. ती फार जुनी नाही. रस्त्यावर मैलाचे दगड रोवले गेले, टपालाचे दर मैलांवर ठरू लागले, तेव्हापासून ती रुजली. त्याआधी माणसे अंतर वेगळ्या रीतीने मोजत. गंमत म्हणजे डॉक्टर आजही बऱ्याचदा त्याच जुन्या रीतीने मोजतात.

हाक, धाप आणि मजल

‘कोस’ हा शब्द संस्कृतमधल्या ‘क्रोश’वरून आला. क्रोश म्हणजे ओरडणे, हाक. हाक जिथवर पोहोचते तिथवरचे अंतर, अशी त्यामागची कल्पना. मराठीत ‘हाकेच्या अंतरावर’ हा प्रयोग अजून जिवंत आहे. उत्तरेत ‘धाप’ नावाचे एक माप होते. माणूस एका दमात जितका पळू शकेल तितके अंतर म्हणजे एक धाप, साधारण अर्धा कोस किंवा त्याहून कमी. दिवसभरात चालून होणारी वाट म्हणजे ‘मजल’. ‘मजल दरमजल करीत’ फौजा जात त्या याच हिशेबाने.

ही मापे शरीराची होती. त्यामुळे ती गावोगाव बदलत. अकबराच्या काळी कोस ५,००० इलाही गजांचा ठरवला गेला. गज सुमारे ३३ इंचांचा धरला, तर हा कोस अडीच मैलांहून थोडा अधिक, म्हणजे चार किलोमीटरच्या पुढे जातो. पण लोकांच्या तोंडचा कोस त्याहून लहान होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानचा नकाशा तयार करणाऱ्या जेम्स रेनेलने तो सरासरी दोन मैलांहून किंचित कमी धरला. चढावरचा कोस आणि मैदानातला कोस यांतही फरक असे.

मोजणीदारांना हा फरक म्हणजे गोंधळ वाटे. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर त्यात शहाणपण होते. चढावर दम लवकर लागतो, म्हणून तिथला कोस लहान. माप रस्त्याचे नव्हते, रस्त्यावर चालणाऱ्याचे होते.

मैल मोजणारे चाक

ईस्ट इंडिया कंपनीला असे लवचीक माप परवडणारे नव्हते. तिला फौजांचे मुक्काम ठरवायचे होते, महसूल मोजायचा होता आणि टपालाचे पैसे घ्यायचे होते. १७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने कंपनीचे टपाल सामान्य लोकांसाठी खुले केले तेव्हा दर ठरला तो दर शंभर मैलांना दोन आणे. दर मैलावर ठरला, म्हणजे मैल मोजणे आले.

त्यासाठी साधन होते एक चाक. लांब दांड्याला बसवलेले हे चाक माणूस रस्त्याने ढकलत नेई. चाकाचा परीघ ठाऊक असे. दांड्याजवळच्या तबकडीतील दंतचक्रे फेरे मोजत आणि काटा मैल-फर्लांग दाखवी. इंग्लंडमध्ये बनणाऱ्या अशा अनेक चाकांचा परीघ सव्वाआठ फूट असे, म्हणजे ६४० फेऱ्यांत बरोबर एक मैल. या यंत्राचे इंग्रजी नाव होते ‘पेरँब्युलेटर’. पुढे तेच नाव लहान मुलांच्या बाबागाडीला मिळाले. फौजांच्या वाटा, निजामाच्या मुलखातील रस्ते, टपालाचे मार्ग या चाकाने मोजले जाऊ लागले. तिसऱ्या म्हैसूर युद्धानंतर कॉलिन मॅकेंझी निजामाच्या दख्खनची मोजणी करू लागला, त्या काळातले हे नेहमीचे हत्यार होते.

चाकाला मर्यादा होत्या. खडबडीत वाटेवर ते उसळे, खड्ड्यात उतरून वर चढे आणि अंतर जास्त दाखवी. वाट नागमोडी असली तर दोन गावांमधले सरळ अंतर त्यातून कळत नसे. म्हणून नकाशा काढणारे रस्त्याच्या अंतरातून वळणांचा काही हिस्सा वजा करत. अधिक अचूक मोजणीसाठी विल्यम लँबटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीचे सर्वेक्षण सुरू केले. वीस वर्षांत ते विदर्भापर्यंत आले आणि २० जानेवारी १८२३ रोजी लँबटनचा मृत्यू झाला तो आपल्या हिंगणघाटला.

या मोजणीची किंमत शरीराने चुकवली. निजामाच्या मुलखातील जंगलांत तापाने मोजणी पथके आडवी होत. लँबटनचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट १८२० मध्ये असाच आजारी पडला आणि प्रकृती सुधारण्यासाठी त्याला थेट केप ऑफ गुड होपला जावे लागले. ताप दूषित हवेने येतो, अशी तेव्हाची समजूत. डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी रोनाल्ड रॉसला दिसला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, निजामाच्याच मुलखातील सिकंदराबादला. तोवर मोजणीदारांच्या कित्येक पिढ्या हिवतापाने पोखरल्या होत्या.

मोजायचे कुठून, हाही प्रश्न असतोच. मुंबईत फोर्टातील सेंट थॉमस चर्च हा शून्य बिंदू धरला गेला. तिथून किती मैल, हे रोमन अंकांत कोरलेले काळ्या बसाल्टचे दगड एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रस्त्याच्या कडेला रोवले गेले. त्यांतील काही दगड पदपथांत अर्धवट गाडलेल्या अवस्थेत अलीकडे पुन्हा सापडले आणि जतन केले गेले.

हरकाऱ्याचे शरीर

रस्ता चाकाने मोजला, तरी पत्र वाहून नेत होते ते माणसाचे पाय. पेशवाईत जासूद आणि कासीद जोडीने धावत. एकाला काही झाले तर दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, ही त्यामागची काळजी. कंपनीच्या डाकेत हरकारे टप्प्याटप्प्याने धावत. एक टप्पा साधारण पाच ते आठ मैलांचा. टप्प्याच्या शेवटी चौकी असे, तिथे दुसरा ताजा गडी पिशवी घेई. पिशवी कधी आली, कधी निघाली, याची नोंद होई. रानातल्या वाटेवर रात्री मशालजी आणि डुगडुगी वाजवणारा सोबत असे, जनावरांना दूर ठेवण्यासाठी. हरकाऱ्याच्या काठीला घुंगरे असत.

टप्पा पाच ते आठ मैलांचाच का? याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडते. सपाट रस्त्यावर धावताना माणसाला दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. ५५ किलो वजनाचा हरकारा सहा मैल, म्हणजे जवळपास दहा किलोमीटर धावला, तर सुमारे ५५० किलोकॅलरी खर्च होतात. पाठीवरच्या पिशवीचे ओझे वेगळे. या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत बदलतो आणि ती घामावाटे बाहेर टाकावी लागते. मराठवाड्यातल्या वैशाखात हे काम शरीरासाठी किती कठीण, हे सांगायला नको. टप्पा लांबवला तर शेवटच्या मैलांत वेग पडतो. आखूड ठेवला तर चौक्या आणि माणसे वाढतात. शरीर थकण्याआधी पिशवी हातातून सुटावी, इतपतच टप्पा ठेवणे शहाणपणाचे होते.

घाटात हा हिशेब बदलतो. कन्नड आणि चाळीसगावच्या मधला औट्रम घाट चाकाने मोजला तर मैल तेवढेच भरतील. छाती मात्र वेगळे सांगेल. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम मांडला. दर तीन मैलांना एक तास धरा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास मिळवा. डोंगरात फिरणारे लोक आजही या नियमाचा आधार घेतात.

टपालाने गेलेली लस

अंतर मैलांत नव्हे तर दिवसांत मोजायला हवे, याचा धडा वैद्यकाला फार लवकर मिळाला. एडवर्ड जेन्नरने १७९८ मध्ये देवीच्या लसीची माहिती प्रसिद्ध केली. ही लस हिंदुस्थानात आणणे सोपे नव्हते. लसीचा द्रव दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवून पाठवला, की वाटेतल्या उष्णतेने तो निकामी होई. अखेर बगदाद आणि बसऱ्यामार्गे, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी साखळी करत लस मुंबईत पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतात देवीची लस यशस्वीपणे टोचली गेलेली ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातील द्रवापासून लस पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली.

लशीसाठी मुंबई-पुणे किती मैल, हा प्रश्न गौण होता. द्रव जिवंत असेतोवर तो दुसऱ्या दंडापर्यंत पोहोचतो का, हा खरा प्रश्न होता. आज आपण ज्याला शीतसाखळी म्हणतो, तिचे हे आद्य रूप. बर्फाचा डबा नव्हता, म्हणून साखळी माणसांची होती.

एक रुपया ते अर्धा आणा

१८३७ च्या टपाल कायद्याने दर वजन आणि अंतर या दोन्हींवर ठरवले. एक तोळ्याचे पत्र कलकत्त्याहून आग्र्याला पाठवायला बारा आणे, मुंबईला पाठवायला एक रुपया. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. मजुरीसाठी परमुलखात गेलेल्या माणसाने घरी खुशाली कळवायची, तर खिशाचा विचार करावा लागे. अंतर दूर असले, की माणूस पत्रच लिहीत नसे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रोलंड हिलने टपालाच्या खर्चाचा हिशेब मांडला. लंडनहून एडिंबरो चारशे मैल. एक पत्र तिथवर वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग, एवढाच निघाला. मग पैसा जात होता कुठे? तो जात होता प्रत्येक पत्राचे अंतर पाहण्यात, दर लावण्यात, नोंदी ठेवण्यात आणि घरोघर वसुली करण्यात. अंतर पार करण्यापेक्षा अंतराचा हिशेब ठेवणे महाग पडत होते. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये अंतर कितीही असो, एक पेनी हा दर लागू झाला.

भारतात हे घडायला १८५४ साल उजाडले. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतचे पत्र ब्रिटिश टपालातून देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. कलकत्ता ते मुंबई या हलक्या पत्राचा खर्च एका रुपयावरून त्याच्या बत्तिसाव्या हिश्श्यावर आला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे स्वतःचे टपाल होते आणि त्याची तिकिटे १८६९ मध्ये निघाली. पण तत्त्व एव्हाना सगळीकडे मान्य झाले होते. दूर राहणाऱ्याला केवळ दूर राहतो म्हणून जास्त पैसे पडू नयेत.

याच वर्षांत एका डॉक्टरने अंतरावर दुसऱ्या बाजूने घाव घातला. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हे त्यांचे नाव. तरुणपणी, १८३१-३२ च्या पटकीच्या साथीत, त्यांनी रुग्णांच्या रक्ताची तपासणी करून दाखवले, की त्यातले पाणी आणि क्षार कमी झालेले असतात. ते शिरेतून परत द्यावेत, असे सुचवले. आज प्रत्येक वॉर्डात टांगलेल्या सलाइनच्या बाटलीमागे हा विचार आहे. हेच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले आणि १८५० च्या दशकात भारतातील तारायंत्राच्या उभारणीचे प्रमुख झाले. मुंबई, आग्रा, कलकत्ता, मद्रास तारेने जोडले गेले. निरोपापुरते तरी मैल संपले.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याची रचना केली ती टपाल खात्यातील मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ४३१००१ हा आकडा पत्र कुठे जायचे ते सांगतो; किती दूर, हे सांगत नाही. टपालाला अंतराची गरजच उरली नाही.

रुग्णाला मात्र अंतर लागतेच

आरोग्यसेवेत हे घडलेले नाही. १८५० च्या सुमारास अमेरिकी डॉक्टर एडवर्ड जार्विस यांनी मनोरुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. रुग्णालय ज्या भागात असते तिथून सर्वांत जास्त रुग्ण दाखल होतात आणि जसजसे दूर जावे तसतशी संख्या घटते, असे त्यांना आढळले. दूरच्या गावांत आजार कमी होता असे नव्हे. दूरचे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते. महागड्या टपालाच्या काळात दूरची पत्रे लिहिली जात नसत, तसेच हे. आरोग्याच्या भूगोलात या निरीक्षणाला जार्विसचा नियम म्हणतात.

१९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी माता मृत्यूंमागचे तीन विलंब मांडले. पहिला, रुग्णालयात जायचे हे ठरवण्यातला. दुसरा, तिथे पोहोचण्यातला. तिसरा, पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. यातला दुसरा विलंब उघडच रस्त्याचा आहे. पण पहिल्यातही अंतर दडलेले असते. ‘एवढ्या लांब रात्री कुठे जायचे, गाडीचे भाडे किती होईल, सकाळी बघू’ या वाक्यात किलोमीटर, मिनिटे आणि रुपये तिन्ही आहेत.

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष लोकसंख्येचा आहे. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक. हा निकष आवश्यक आहे, पण लोकसंख्या सारखी असली तरी वाटा सारख्या नसतात. नकाशावर कंपासने काढलेल्या वर्तुळात गाव बसले, म्हणून ते जवळ ठरत नाही. मध्ये नदी असते, घाट असतो, पावसाळ्यात बंद होणारा पूल असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मणिपूरमध्ये ड्रोनने कोविडची लस पाठवली. बिष्णुपूर ते कारांग बेट हे अंतर रस्त्याने २६ किलोमीटर होते, हवेतून १५. ड्रोनला पंधरा मिनिटेही पुरली. लशीची कुपी उडवता येते. बाळंतीण अजून रस्त्यानेच न्यावी लागते.

आधुनिक उपचार तर घड्याळावरच चालतात. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात निदानानंतर १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. पक्षाघातात असे इंजेक्शन द्यायचे तर लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांची मुदत असते. ‘रुग्णालय तीस किलोमीटरवर आहे’ या वाक्याला या हिशेबात स्वतंत्र अर्थ नाही. ती तीस किलोमीटर किती मिनिटांची, यावर उपचार ठरतो.

आपली वाट आपण मोजावी

जुनी शरीराची मापे वैद्यकाने टाकून दिलेली नाहीत. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला डॉक्टर आवर्जून विचारतात, ‘किती चालल्यावर दम लागतो?’ सपाट रस्त्यावर शंभर मीटरच्या आसपास चालून थांबावे लागत असेल, तर श्वासाचा त्रास बराच पुढे गेला आहे असे मानतात. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, ही चाचणी फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या आजारांत जगभर वापरतात. त्यासाठी लागतो तीस मीटरचा सपाट, मोजलेला व्हरांडा आणि एक घड्याळ. हरकाऱ्याचा टप्पा आणि जुनी धाप, दोन्ही तिथे एकत्र येतात. आधी सहज होणारे अंतर आता दोनदा थांबून होत असेल, तर ते वयावर ढकलू नये, डॉक्टरांना सांगावे.

दुसरी मोजणी घरच्यांनी मिळून करायची. गाव शेंद्रा असो, करमाड असो की घाटाखालचे एखादे खेडे, काही गोष्टी आधीच माहीत करून घ्याव्यात. चोवीस तास उघडे असलेले जवळचे रुग्णालय कोणते? तिथे रात्री ईसीजी निघतो का? सर्पदंशावरची लस आणि बाळंतपणातील रक्तस्रावासाठी रक्त कुठे मिळते? तिथवर दिवसा किती मिनिटे लागतात, संध्याकाळच्या गर्दीत किती, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद होतो? हे आकडे कागदावर लिहून घरात दिसेल अशा जागी लावावेत. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. फोन करताना पत्त्यासोबत शाळा, मंदिर, कंपनीचे फाटक, गट क्रमांक अशी खूण सांगितली, तर वाट शोधण्यात जाणारी मिनिटे वाचतात. कारखान्यांनी प्रत्येक पाळीत ही माहिती असलेला एक तरी माणूस ठेवावा. बाळंतपणाची तारीख जवळ आली असेल, तर गाडी आणि रुग्णालय दोन्ही आधी ठरवून ठेवावे.

टपालाने अंतराचा भार पत्र पाठवणाऱ्याच्या खिशावरून उचलून सगळ्यांमध्ये वाटला आणि दूरच्या गावातला माणूसही पत्र लिहू लागला. आरोग्यसेवेलाही ते करावे लागेल: दूर राहणाऱ्याच्या वाट्याला जास्त मिनिटे, जास्त भाडे आणि जास्त धोका येऊ नये, अशा रीतीने केंद्रे, रुग्णवाहिका आणि रस्ते मांडावे लागतील. त्यासाठी आधी मोजणी हवी, आणि ती किलोमीटरमध्ये थांबून चालणार नाही. मैलाचा दगड रस्त्याची लांबी सांगतो. रुग्णाची वाट मिनिटांत मोजावी लागते.